मोन्झा 1925 : बियांकी 350 आणि आल्फा पी2 यांच्या जोडप्रतिकृतीची प्रगतीनोंद

मागील नोंदीत सांगाड्याचा आराखडा आणि सामानाची तयारी यांविषयी लिहिले होते. त्यानंतर काम बरेच पुढे सरकले आहे. बियांकीचे इंजिन पूर्ण झाले, टाकीला रंग लागला, दोन्ही वाहनांची चाके तयार झाली आणि आल्फाच्या पत्र्याला हात घालण्याइतका धीरही आला. नव्याने वाचणाऱ्यांसाठी प्रकल्प थोडक्यात सांगतो. 1925 सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस तात्सिओ नुव्होलारी या एकाच इटालियन शर्यतपटूने मिलानजवळच्या मोन्झाच्या शर्यतपट्टीवर थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन वाहने चालवली : आल्फा रोमिओची पी2 ही ग्रां प्री मोटार आणि बियांकीची 350 सीसीची मोटारसायकल. ही दोन्ही वाहने मूळ आकाराच्या बाराव्या हिश्शात, एकाच तळपटावर शेजारी शेजारी उभी करायची, एवढाच हा बेत आहे.

आपल्या मंडळींपैकी बहुतेकांकडे मोटारसायकलींचे कपाट वेगळे आणि मोटारींचे वेगळे असते. दोन महायुद्धांमधल्या इटलीपुरती ही वाटणी मला पटत नाही. एदुआर्दो बियांकी यांनी 1885 साली मिलानमध्ये सायकलींचे छोटे दुकान काढले, पुढे त्याच नावाखाली मोटारसायकली आणि मोटारीही बनू लागल्या. मोटारी बनवणाऱ्या मासेराती बंधूंपैकी थोरले कार्लो यांनी काही काळ याच बियांकीत काम केले होते. 1929 साली मोदेना येथे स्थापन झालेल्या स्कुदेरिया फेरारी या शर्यतसंघाने पुढे काही वर्षे मोटारसायकलींचा विभागही चालवला, आणि तोही प्रामुख्याने रज या इंग्रजी गाड्यांवर. स्वतः नुव्होलारी आणि त्याचा प्रतिस्पर्धी आकिले वार्झी हे दोघेही दोन चाकांवर नाव कमावून मगच चार चाकांकडे पूर्णपणे वळले. एकाच कारागीरवर्गाने ही वाहने घडवली आणि ती त्याच त्या रस्त्यांवर, बऱ्याचदा त्याच त्या माणसांच्या हाती धावली, ही गोष्ट दोन प्रतिकृती शेजारी ठेवल्याशिवाय नजरेत भरत नाही.

आता प्रसंग. 1925 च्या जुलैमध्ये माँत्लेरी येथील फ्रेंच ग्रां प्रीत आघाडीवर असलेला आन्तोनिओ आस्कारी अपघातात मरण पावला आणि आल्फाने आपल्या उरलेल्या गाड्या शर्यतीतून काढून घेतल्या. त्याच्या जागी कोणाला घ्यावे याची चाचपणी सुरू असताना बियांकीच्या या मोटारसायकलपटूला मोन्झावर पी2 चालवून पाहण्यासाठी बोलावण्यात आले. चाचणीत गिअरबॉक्स अडकला, गाडी पट्टी सोडून बाहेर गेली, नुव्होलारीची पाठ सोलवटून निघाली आणि आल्फाच्या संघातली जागाही हुकली. इटालियन ग्रां प्री 6 सप्टेंबरला त्याच्याशिवायच झाली. ती गास्तोने ब्रिल्ली-पेरीने पी2 वर जिंकली आणि त्याबरोबर पहिलेवहिले जागतिक निर्मातापद आल्फाकडे आले. नुव्होलारी मात्र चाचणीतल्या अपघातानंतर काही दिवसांतच, अंगाला पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत, राष्ट्रांची ग्रां प्री या मोटारसायकलींच्या शर्यतीसाठी पावसाने भिजलेल्या मोन्झावर बियांकी घेऊन उतरला आणि 350 च्या वर्गात पहिला आला. युरोपीय अजिंक्यपदाचा निर्णयही त्या वर्षी याच शर्यतीवर होणार असल्याने तो मानही त्याला मिळाला. यांत्रिकांनी, म्हणजे मेकॅनिकांनी, त्याला उचलून गाडीवर बसवले आणि पोटाशी उशी बांधली, असे सांगितले जाते. मी तळपटावर उशी ठेवणार नाही. नुव्होलारीविषयीच्या कथा त्याच्या विजयांपेक्षाही वेगाने वाढल्या आहेत, आणि त्यांत भर घालण्याचे काम प्रतिकृतीकाराचे नव्हे.

बियांकीचे इंजिन

मारिओ बाल्दी यांनी आखलेले हे इंजिन या संपूर्ण कामाचा गाभा आहे, म्हणून त्यावर जास्त वेळ दिला. सिंगल सिलिंडर, बोर (सिलिंडरचा आतला व्यास) 74 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 81 मिमी, म्हणजे 348 सीसी. आणि वर दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, ज्यांना खालून येणारा एक उभा शाफ्ट बेव्हल (तिरप्या दात्यांच्या) गिअरांच्या मदतीने फिरवतो. 1925 साली मोटारसायकलीवर असा थाट विरळाच होता. त्या काळच्या बहुतेक इंजिनांचे व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगा उघड्यावर असत, त्यांवर धूळ बसे आणि तेल चालकाच्या पायांवर उडे. बाल्दींनी ती सारी यंत्रणा बंद पेटीत घेतली. यामुळे माझे केसासारख्या तारेच्या स्प्रिंगा वळण्याचे काम वाचले, पण त्याबदल्यात झाकणांचे जे गुळगुळीत पृष्ठभाग पुढे आले, त्यांवर कानशीचा एकही ओरखडा लपत नाही. कॅमपेटी पितळी पट्टीतून कापून सोनारी कानशीने घासली, मग चारशे, आठशे आणि दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून आणली. उभ्या शाफ्टचे आवरण म्हणजे सरळ पितळी नळी असून तिच्या दोन्ही टोकांच्या कड्या डाख देऊन बसवल्या आहेत.

सिलिंडरच्या पंखांसाठी 0.3 मिमी पितळी पत्र्याच्या चकत्या कापल्या. एक मोठी, एक लहान अशा क्रमाने त्या मधल्या नळीवर ओवल्या आणि खालून अगदी थोडा डाख ओढून घेतला. लहान चकत्या आतल्या खाचा दाखवतात आणि मोठ्या चकत्या पंख होतात. रेझिनमध्ये ओतकाम करून हेच काम झटपट होते, हे खरे आहे, परंतु ओतीव पंखांच्या कडा नेहमी थोड्या जाड राहतात आणि या प्रमाणात तो जाडपणा लगेच डोळ्यांत खुपतो.

स्पार्क प्लग बसवताना पिएत्रो घेर्सीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. 1926 साली आयल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरील टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यतीच्या लाइटवेट, म्हणजे हलक्या गाड्यांच्या वर्गात मोटो गुझी या इटालियन मोटारसायकलीवर तो दुसरा आला, पण प्रवेशअर्जात नमूद केलेल्या कंपनीऐवजी दुसऱ्याच कंपनीचा प्लग वापरल्याच्या कारणावरून त्याचे स्थान काढून घेण्यात आले. माझ्या बियांकीच्या प्लगवर कोणतेही नाव नाही. 1:12 प्रमाणात ते वाचायला भिंग लागले असते.

गुझीचा विषय निघालाच आहे, तर एका जाणत्या स्नेह्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे देतो : बियांकीऐवजी गुझी का घेतली नाही? आडवा सिलिंडर आणि बाहेर फिरणारे उघडे फ्लायव्हील (जड गतिचक्र) यांमुळे मान्देल्लोची, म्हणजे गुझीच्या गावची, गाडी कुठूनही ओळखता येते आणि पाहणाऱ्यावर तिची छापही लवकर पडते, हे मान्य आहे. पण कोमो सरोवराच्या परिसरातल्या घाटवाटांवर भरणारी लारिओची शर्यत, म्हणजे जिला इटलीची टीटी म्हणत ती, गुझीच्या अगदी दारातली. आणि तिथे 350 च्या वर्गात 1925 ते 1929 अशी लागोपाठ पाच वर्षे नुव्होलारी बियांकीवरच जिंकला. राष्ट्रांच्या ग्रां प्रीतही 1925 ते 1928 या चार वर्षांत 350 च्या वर्गात हीच जोडी पहिली आली. इतकी सातत्याने जिंकलेली गाडी प्रतिकृतींच्या दुनियेत क्वचितच दिसते, आणि ती उणीव मला अधिक टोचते.

रंग

या गाडीला इटालियन लोक फ्रेच्चा चेलेस्ते, म्हणजे आकाशी बाण म्हणत. चेलेस्ते ही बियांकीची जुनी ओळख आहे, पण तिची एकच एक छटा कधीच नव्हती : काही गाड्यांवर ती निळीकडे झुकते, काहींवर सरळ हिरवट दिसते. तिच्या उगमाच्या कथाही अनेक आहेत; कोणी मिलानच्या आकाशाकडे बोट दाखवतो, तर कोणी इटलीची राणी मार्गेरीता हिच्या डोळ्यांकडे. एदुआर्दो बियांकी यांनी राणीला सायकल शिकवली ती मोन्झाच्या राजवाड्यात, आणि 1922 साली शर्यतपट्टी उभी राहिली ती त्याच राजवाड्यामागच्या उद्यानात. डोळ्यांची कथा खरी असो वा नसो, तळपटावरील दोन्ही वाहनांची जागा यामुळे आणखी पक्की झाली, असे मला वाटते.

छटा ठरवताना जुन्या छायाचित्रांवर विसंबणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होती आणि लाल प्रकाश तिला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळसर टाकी पांढुरकी उमटते आणि लालभडक आल्फा काळी. बियांकीची टाकी त्या चित्रांत फिकट दिसते म्हणून तिच्यावर दुधी रंग फासला, तर सगळाच विचका होईल. बाजारात तयार मिळणाऱ्या आकाशी रंगाने काम भागणारे नव्हते. पांढऱ्या रंगात निळ्याची छोटी मात्रा आणि हिरव्याचे थेंब मिसळून पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने काढले, ते सकाळच्या उजेडात एकमेकांशेजारी मांडले आणि त्यांतला किंचित हिरवट, अंमळ मळकट नमुना निवडला. चकचकीत लॅकर चढवलेले नाही; शर्यतीच्या गाडीला दागिन्याची झळाळी शोभत नाही.

चाके

खऱ्या स्पोकची जाडी साधारण तीन मिलिमीटर धरली, तर बाराव्या हिश्शात ती पाव मिलिमीटर होते. एवढी बारीक, सरळ राहणारी आणि न गंजणारी तार शोधताना आपल्याकडे एक सोय हाताशी आहे, ती म्हणजे सतारीची तार. मिरजेच्या वाद्यदुकानांत चिकारीसाठी मिळणारी पोलादी तार ताण धरते आणि वळवली की वळण सोडत नाही. मोटारसायकलीची चाके तिनेच विणली. पी2 च्या चाकांत मात्र स्पोकच्या रांगा एकमेकींना छेदत हबच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर बसतात, म्हणून त्यांच्यासाठी लाकडी साचा करून त्यावर खुणा पाडल्या आणि आतली रांग पूर्ण झाल्यावरच बाहेरची घेतली. टायर काळ्या सिलिकॉन रबरात ओतले आहेत. 1925 च्या त्या विजयी हंगामात पी2 पिरेल्लीच्या टायरांवर धावली होती. टायर विलक्षण अरुंद आहेत, आणि आजच्या डोळ्याला ती चाके गाडीच्या मानाने पोरसवदा वाटतात. ती तशीच असायला हवीत.

आल्फा पी2

फियातमधून 1923 साली मिलानच्या पोर्तेल्लो कारखान्यात आलेल्या वित्तोरिओ यानो यांची ही पहिली मोठी कामगिरी. आठ सिलिंडर एका ओळीत, 1987 सीसी, आणि इंजिनात दाबाने जादा हवा भरणारा सुपरचार्जर. 1924 च्या जूनमध्ये आस्कारीने क्रेमोनाला तिची पहिलीच शर्यत जिंकली आणि दोनच महिन्यांनी जुझेप्पे काम्पारीने लिओं येथे ग्रां प्री मारली. बॉनेट बंद ठेवणार असल्याने इंजिन करण्याचा प्रश्न नाही. माझी सारी मेहनत बाहेरच्या पत्र्यावर आहे.

पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. आधी सागवानाच्या ठोकळ्यावर गाडीचा आकार कोरून घेतला. पत्रा मऊ करण्यासाठी त्यावर साधा साबण फिरवायचा आणि खालून ज्योत द्यायची. साबण काळपट झाला की लगेच थांबायचे, कारण त्यापुढे अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलताच वितळते. मऊ झालेला पत्रा तांबट हंडा ठोकतात तसा लाकडी मोगरीने हलके हलके ठोकत ठोकळ्यावर बसवला. शेपटीचा निमुळता भाग दोन तुकड्यांत आहे आणि त्यांची शिवण खालून घेतली आहे. बॉनेटच्या बाजूच्या हवेच्या फटी मागून टोच्याने उठवल्या.

संदर्भचित्रांच्या बाबतीत एक इशारा देणे आवश्यक आहे. पी2 च्या गाड्यांचे 1930 साली नूतनीकरण झाले. रेडिएटर बदलला आणि जादा चाक शेपटीत आले. त्याच रूपातील गाडी चालवत वार्झीने त्या वर्षीची तार्गा फ्लोरिओ ही सिसिलीतली रस्त्यांवरची शर्यत जिंकली, तीही पेट्रोल सांडून पेटलेली आग यांत्रिक गादीने विझवत असताना. त्या रूपाची छायाचित्रे सहज मिळतात, म्हणून अनेक प्रतिकृतींवर 1925 ची पाटी आणि 1930 चे रेडिएटर अशी खिचडी आढळते.

1925 ची आणखी एक खूण मला फार आवडते. त्या वर्षापासून ग्रां प्रीत शेजारी यांत्रिक बसवण्यास मनाई झाली, पण गाडीचा सांगाडा दोन माणसांच्या रुंदीचाच ठेवावा लागे. म्हणून चालकाशेजारची जागा रिकामी असते आणि मागचे पाहायला यांत्रिक नसल्याने आरसा येतो. आरसा पॉलिश केलेल्या पोलादी चकतीचा केला आहे. बॉनेटच्या बाजूला पांढऱ्या त्रिकोणात चार पानांचे हिरवे क्लोव्हर येईल. हे चिन्ह ऊगो सिव्होच्चीने 1923 च्या तार्गा फ्लोरिओत प्रथम गाडीवर रंगवले आणि ती शर्यत जिंकली. त्याच वर्षी मोन्झावर पी2 च्या आधीच्या पी1 या गाडीची चाचणी घेताना तो मरण पावला आणि त्यानंतर चिन्हाभोवतीचा चौकोन त्रिकोण झाला.

पुढच्या टप्प्यात पी2 चा लाल रंग आहे. प्रायमर राखाडी न घेता विटकरी घेणार आहे, म्हणजे वरचा लाल पातळ थरांतही खोल दिसेल. बियांकीचा एक्झॉस्ट अजून कच्चा आहे; तांब्याची नळी वाळू भरून वाकवली आहे, पण निकेलचा मुलामा बाकी आहे. बॉनेटवरचे पट्टे घड्याळाच्या जुन्या कातडी पट्ट्यातून कातरून घेणार आहे. कातडे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत तासण्याची ज्यांची काही खात्रीची पद्धत असेल त्यांनी ती अवश्य कळवावी, कारण ब्लेडने तासलेल्या पट्ट्यांच्या कडा अजून मनासारख्या येत नाहीत.