मास्तरांची कुयरी

सोलापूरला निघाले म्हटलं की लोक विचारतात, "तुळजापूर की अक्कलकोट?" सोलापूरच बघायचंय हे कुणाला पटत नाही. सिद्धेश्वराचं दर्शन आणि भुईकोट किल्ला सकाळीच झाले. मला ओढ होती पूर्व भागातल्या मागांची.

अशोक चौकाच्या पुढच्या गल्ल्यांत शिरलं की खटखट सुरू होते. ओळखीतून एका चादरीच्या कारखान्यात जायला मिळालं. वर तापलेले पत्रे, हवेत सुताची धूळ, आणि बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागेल इतका आवाज. मागाच्या डोक्यावर जेकार्ड, म्हणजे नक्षी उमटवणारं यंत्र, त्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ. भोक असेल तिथला हुक उचलला जातो, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो, खालून आडवा धागा घेऊन धोटा निघून जातो. एका पट्टीला बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा. मोर असा धाग्याधाग्याने उमटतो, आणि चादर उलटली की तोच मोर रंग बदलून दिसतो.

मागच्या खोलीत नक्षी काढणारे मास्तर ग्राफपेपरचे चौकोन लाल पेन्सिलने भरत होते. मराठीला तेलुगू वळण. किनार कशावरून सुचली विचारलं, तर त्यांनी पेन्सिल भिंतीकडे केली. झरोक्याच्या जाळीची सावली तिथे तिरकी पडली होती. मोजली, तर कागदावर तेच तिरके चौकोन, तसेच एकाआड एक. मग जुना कागद काढला. त्यावरची कुयरी म्हणजे लहानपणी घरातून दिसणाऱ्या गिरणीच्या धुराड्याचा, वाऱ्याने वळलेला धूर.

"लोक म्हणतेत बागेत जावा, फुलं बघा. मला हितंच दिसतंय की सगळं, ताई."

दोन डोंगर, मधे सूर्य, हे शाळेपासून आपल्या बोटांत बसलेलं. धुराड्याकडे बघून चित्र काढ, असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आणि या गावात १८७७ पासून कापडगिरणी होती! ती 'जुनी मिल' आता पत्त्यापुरती उरलीय. धूर मात्र कुणाच्या तरी पांघरुणावर आहे.

संध्याकाळी दुकानात चादरी पाहिल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, गावाचं नाव जपलं गेलं, याचा आनंदच आहे. पण नक्षी कुणी काढली हे एकाही चादरीवर नव्हतं, दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं. काठावर कंपनीचं नाव विणतात, मग मास्तरांचंही विणा ना. चार पट्ट्या जास्त लागतील.