तीन-चार वर्षांच्या मुलांना नशेबद्दल काय सांगायचं?

आमच्या इंदूरच्या बालवाडीत ह्या वयाला दारू, ड्रग्ज हे शब्द आम्ही काढतच नाही, घाबरवून काही होत नाही असं माझं ठाम मत आहे. एकच नियम पक्का करतो, तोंडात काही घालायच्या आधी घरच्या मोठ्यांना नाहीतर ताईला विचारायचं. मग चित्रांचा खेळ, केळं, पोहे, फिनाइलची बाटली, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या, तंबाखूची पुडी, सगळी चित्रं मिसळून ठेवायची आणि मुलांनी खायचं-न खायचं वेगळं करायचं, पुडीपाशी हमखास वाद होतो कारण ती काहींच्या घरी रोज दिसते! तिथेच थांबून बोलायचं. बाहुल्यांचं नाटकपण करतो, एक म्हणते "घे ना", दुसरी मोठ्याने "नको" म्हणून आईकडे पळते.

आणि पालकांनो, औषध पाजताना "चॉकलेट आहे" म्हणू नका प्लीज. मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायलाही कायद्याने मनाई आहे, पण घरातली पुडी कोण बघणार? ती वर, कुलपात ठेवा आणि नातवाला पुडी आणायला दुकानात तर अजिबात पाठवू नका.