शेवटच्या चौकटीच्या पुढे

सोमवार

रेडेक्समधल्या 'ट्रेसेस' या चित्र काढणाऱ्या फंक्शनचं टिपण अर्धंच झालंय. अभ्यासगटात पुढच्या महिन्यात रेडेक्स घ्यायचं ठरलंय आणि मंडळी 'आधी वाचायला मराठीत काहीतरी द्या' म्हणून मागे लागली आहेत. रेडेक्स ही रॅकेट या प्रोग्रामिंग भाषेच्या पोटातली एक छोटी भाषा आहे. आपण एखाद्या प्रोग्रामिंग भाषेचं व्याकरण लिहायचं, टर्म (म्हणजे त्या भाषेतली एखादी राशी किंवा प्रोग्राम) एक पायरी पुढे कशी सरकते याचे नियम लिहायचे, आणि मग एखादी टर्म 'ट्रेसेस'च्या हाती द्यायची. खिडकी उघडते, प्रत्येक टर्म एका चौकटीत बसते आणि कुठल्या टर्मपासून कुठली निघाली ते बाण दाखवतात. जेकब मॅथ्यूज, रॉबी फाइंडलर, मॅथ्यू फ्लॅट आणि मथायस फेलायझेन यांनी २००४ साली हे साधन निबंधातून मांडलं, म्हणजे तसं जुनंच.

पर्यायांची जंत्री उतरवून काढायची नाही, हे आज नक्की केलं. मूळ माहितीपुस्तिकेत ती आहे आणि चोख आहे. जंत्री वाचून खिडकी उघडता येते, पण खिडकीत दिसतंय त्याचं काय करायचं ते कळत नाही. म्हणून सुरुवातच (१ + २) × (३ + ४) या टर्मने केली. नियम असे लिहिले की दोन्ही कंसांपैकी कुठलाही आधी सोडवावा. मग वरच्या चौकटीतून दोन बाण फुटतात, एक ३ × (३ + ४) कडे आणि दुसरा (१ + २) × ७ कडे. दोघांचे बाण ३ × ७ वर येऊन मिळतात आणि तिथून २१. पाच चौकटी, पाच बाण, वरचा भाग अगदी पतंगासारखा. आता व्याकरणात एवढंच बदलायचं की डावीकडची किंमत हाती आल्याशिवाय उजवीकडे हात लावायचा नाही. पतंग गेला, चार चौकटींची सरळ रांग उरली. ही दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवली की 'इव्हॅल्युएशन कॉन्टेक्स्ट' (पुढची पायरी टर्मच्या कुठल्या भागात घ्यायची ते ठरवणारा साचा) कशासाठी असतो हे समजवायला वेगळा परिच्छेद लागत नाही. मी लिहिला होता, खोडून टाकला.

मंगळवार, रात्री

गटातल्या एकीला कच्चा खर्डा दिला आणि समोर बसून वाचायला लावला. ही माझी नेहमीची पद्धत, लोकांना वैताग येतो पण उपयोग होतो. तिने स्वतःच एक उदाहरण घेतलं, लॅम्डा एक्स डॉट एक्स एक्स एक्स (म्हणजे जे मिळेल ते तीनदा ओळीने मांडणारं फंक्शन), आणि ते त्यालाच लावलं. चौकटींची लांब रांग आली आणि थांबली.

"दादा, संपलं की. पण शेवटची चौकट एवढी मोठी का?"

संपलेलं काहीच नव्हतं. ही टर्म प्रत्येक पायरीला आणखी एका तुकड्याने फुगते आणि कधीच थांबत नाही. थांबतं ते 'ट्रेसेस'. निदान २० वेगवेगळ्या टर्म सापडल्या की ते हात आखडतं, आणि पुढचं बघायचं तर 'रिड्यूस'चं बटण दाबावं लागतं. आकडा बदलता येतो, पण न बदलता २० असतो. पुस्तिकेत हे लिहिलेलं आहे, पण ज्याला खिडकीतलं चित्र पूर्ण वाटलं तो पुस्तिका उघडेल कशाला?

मग मी तिला ओमेगा नावाची टर्म चालवायला सांगितलं. लॅम्डा एक्स डॉट एक्स एक्स, त्यालाच लावलेलं. इथे एकच चौकट आणि तिच्यातून निघून तिच्यातच परतणारा एक बाण. हीसुद्धा न संपणारीच टर्म आहे, पण एका पायरीनंतर जशीच्या तशी परत येते आणि 'ट्रेसेस' सारख्या टर्मना एकच चौकट देतं. नवीन काही सापडत नाही म्हणून चित्र तिथेच पुरं होतं. म्हणजे दोन्ही अनंत, त्यातलं एक चित्र खरोखर पूर्ण आहे आणि दुसरं मधेच तोडलेलं, पण बघणाऱ्याला कदाचित उलटंच वाटेल.

टिपणाचा क्रम यामुळे बदलला. काय दिसतं हे नंतर. आधी काय दिसत नाही ते: चौकट म्हणजे टर्म, पायरी नव्हे, आणि ज्या चौकटीतून बाण निघत नाही ती म्हणजे उत्तरच असं नाही. ती अडकलेली असेल, किंवा तिची पाळीच आली नसेल. कुठल्याही चित्रमय साधनाची माहिती लिहिताना हे पहिल्या पानावर हवं, असं माझं स्पष्ट मत झालंय.

बुधवार

रंगांचा भाग उरकला. नियमाच्या नावाप्रमाणे बाणांना रंग देता येतो, छान दिसतं, पण त्यावर दोन ओळी पुरे. खरा कामाचा पर्याय आहे टर्म तपासणारं फंक्शन जोडण्याचा. ते 'खोटं' म्हणालं की चौकट गुलाबी होते. तिथे टाइप तपासणी (टर्ममधल्या किमती योग्य प्रकारच्या आहेत ना, हे बघणं) जोडायची. सुरुवातीची टर्म टाइपात बसते, चार पायऱ्यांनी एखादी चौकट गुलाबी उमटते, आणि तिच्याकडे येणारा बाण बघितला की कुठला नियम टाइप मोडतोय ते नावानिशी कळतं. हे मात्र सविस्तर लिहिलंय, चित्रासकट. ('ट्रेसेस/पीएस' खिडकी न उघडता चित्र फाइलमध्ये उतरवून देतो, छपाईला तेच वापरलं.)

शुक्रवार

आज शेवटचा भाग. पतंग मिटलेला दिसला की माणूस लगेच 'कॉन्फ्लुअंट आहे', म्हणजे कुठल्याही टर्मपासून फुटलेल्या वाटा पुढे पुन्हा एकत्र येऊ शकतात, असं म्हणून मोकळा होतो. लॅम्डा कॅल्क्युलससाठी (वरच्या लॅम्डावाल्या टर्मची गणिती भाषा) हे चर्च आणि रॉसर यांनी १९३६ साली सिद्ध केलंय, पण आपण घरी बनवलेल्या नियमांना त्याची हमी कोणी दिली? एका टर्मचं चित्र त्या एका टर्मपुरतंच बोलतं. शिवाय एकेका पायरीच्या फाट्यावर विसंबण्यातही गोम आहे, त्यासाठी जुनंच उदाहरण घेतलं. चार टर्म, चार नियम: अ पासून ब, ब पासून अ, अ पासून क, ब पासून ड. चित्रात मधे अ आणि ब यांची ये-जा, दोन्ही बाजूंना क आणि ड. अ मधून ब आणि क असे फाटे फुटतात, पण ब वरून मागे अ ला येऊन क गाठता येतो, म्हणजे फाटा मिटला. ब चंही तसंच. प्रत्येक फाटा मिटतो, तरी क आणि ड कधीच एकत्र येत नाहीत. न्यूमनने १९४२ मध्ये दाखवलं की प्रत्येक एकपायरी फाटा मिटणं पुरतं, पण कधी? तर प्रत्येक वाट कुठेतरी संपत असेल तेव्हाच. इथे अ आणि ब मधली फेरी संपत नाही.

हे फळ्यावर सांगताना दरवेळी कोणीतरी मधेच हरवतं. खिडकीत चार चौकटी समोर असल्या की बोट ठेवून सांगता येतं. या साधनाची किंमत मला इथे सर्वांत जास्त वाटते.

ग्राफविझ या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं 'डॉट' असेल तर चौकटींची मांडणी त्याच्याकडून करून घेता येते, ते दोन ओळींत लिहून टाकलं. सराव एकच दिलाय: या चारपैकी कुठला एक नियम काढला तर अ आणि ब पासूनच्या सगळ्या वाटा एकाच टर्मवर येऊ शकतील? उत्तरं दोन आहेत. टिपणात छापलेली नाहीत.