काठीचे पाय

दिवेघाट मी दोनदा चढलोय, दोन्ही वेळा पुढच्या माणसाच्या पाठीवरची पिशवी बघत. वारीत रस्ता शोधावा लागत नाही, गर्दीच नेते. जपानच्या शिकोकू बेटावर पहिल्या देवळाच्या दारात उभा राहिलो, तेव्हा सवयीने आधी दिंडी शोधली. ८ ऑगस्ट, सकाळचे सात, सदरा पाठीला चिकटलेला आणि अंगणात मी एकटा.

ही वाट ८८ देवळांची, साधारण १२०० किलोमीटरची. बेटाभोवतीची प्रदक्षिणाच म्हणा. पंढरपूर असं कुठलंच नाही, ८८ झाली की पुन्हा पहिलं. माझी रजा पाच दिवसांची, म्हणजे १७ देवळं. ज्यांच्या नावाने हे सगळं चालतं ते बौद्ध भिक्षू कोबो दाइशी, मूळ नाव कूकाई, जन्म ७७४ चा. ८०४ मध्ये ते चीनला गेले आणि तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृत शिकले. हे मी विमानात वाचलं होतं. खरं काय ते काठी घेताना कळलं.

देवळाच्या दुकानात पांढरा अंगरखा, बांबूची टोपी आणि काठी घेतली. अंगरखा पांढरा, कारण तो कफनाचा रंग. काठी म्हणजे समाधीची खूण. पूर्वी यात्रेकरू वाटेत गेला की तिथेच पुरायचे आणि त्याचीच काठी वर रोवायचे. काठीच्या वरच्या टोकाला पाच अक्षरं होती. दुकानातल्या बाईंनी बोट ठेवून म्हणून दाखवली, "क्या, का, रा, बा, आ." मी मान डोलावली. पाच मिनिटं चालल्यावर डोक्यात उजेड पडला: ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. लिपी सिद्धम्, म्हणजे आपल्या बाराखडीची दूरची मावशी. प्रत्येक देवळात जे सूत्र म्हणतात त्याचा शेवटही असाच ओळखीचा निघाला. "ग्यातेई ग्यातेई हारा ग्यातेई" म्हणजे आपलं "गते गते पारगते". पहिल्या देवळात मी ते कागदावर बघून पुटपुटलो, चौथ्यात सुरात म्हणायला लागलो. शेजारच्या आजोबांनी चमकून पाहिलं. त्यांच्यापेक्षा माझे उच्चार बरे होते, हे सांगण्याचा मोह मी आवरला.

या पहिल्या देवळाजवळच, बांदो गावात, १९१७ ते १९२० या काळात जर्मन युद्धकैद्यांची छावणी होती. पहिल्या महायुद्धात जपानने जर्मनीच्या ताब्यातलं चीनमधलं त्सिंगताओ जिंकलं तेव्हा पकडलेले सैनिक. १ जून १९१८ रोजी त्यांनी इथे बेथोव्हेनची नववी सिंफनी पूर्ण वाजवली, जपानमध्ये पहिल्यांदा. बायका नव्हत्या, म्हणून बायकांचे आवाजही पुरुषांसाठी बसवून घेतले. मागच्या शिंतो देवस्थानाच्या आवारात त्यांनी बांधलेला छोटा दगडी पूल अजून आहे. तिथे पाणी प्यायलो. कैदी परमुलखात पूल बांधतात आणि गाणं बसवतात, हे बराच वेळ डोक्यातून गेलं नाही.

पहिल्याच दिवशी दुपारी एक आजी घरातून पळत बाहेर आल्या. हातात बर्फ झालेली सातूच्या चहाची बाटली आणि शंभर येनचं नाणं. मी पुणेकर. "नको नको" म्हणत कमरेत वाकलो, पुन्हा वाकलो, आणि सटकलो. त्यांचा चेहरा पडलेला मात्र दिसला. रात्री सहाव्या देवळाच्या धर्मशाळेत मोबाइलच्या भाषांतरावर हा पराक्रम एका म्हाताऱ्या यात्रेकरूला सांगितला. त्यांनी जेवण थांबवलं. ते देणं तुला नव्हतंच, म्हणाले. त्याला ओसेत्ताई म्हणतात. ते दाइशींना असतं, तू फक्त हात. नाही म्हणणारा तू कोण? घ्यायचं, आणि आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची. सासवडला कुणाच्या ओट्यावर बसून मी मजेत पिठलं-भाकरी खाल्ली आहे, एका शब्दाने नको म्हटलं नाही. माऊलींच्या नावावर घेता येतं, मग दाइशींच्या नावावर का नाही? रात्रभर ती बाटली डोळ्यांसमोर.

त्या धर्मशाळेत आणखी एक गोष्ट दिसली. आत शिरताना माणूस आधी काठीचं टोक धुतो, पुसतो, खोलीत मानाच्या जागी उभी करतो. स्वतःचे पाय नंतर. काठी म्हणजे दाइशी, तेच सोबत चालतात. पुलावर काठी टेकवायची नाही, कारण दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते.

दुसऱ्या दिवशी दहाव्या देवळाच्या ३३३ पायऱ्या, मग योशिनो नदी. सांगण्यासारखं फार नाही, ऊन होतं.

अकरावं ते बारावं देऊळ तेरा किलोमीटर, सगळा डोंगर. या वाटेचं नावच 'यात्रेकरूंना लोळवणारी'. पहाटे पाचला निघालो. दोन चढ चढून उतरलो आणि तिसऱ्याला दम संपला. पाठीवरची पिशवी बघायलाही पुढे कोणी नव्हतं. दगडावर बसून मोठ्याने "ज्ञानबा तुकाराम" म्हटलं, तेव्हा पाय हलले. दाइशींनी समजून घेतलं असावं.

बाराव्याच्या खाली उतरताना एक छोटं देऊळ लागतं. तिथे गुडघ्यावर बसलेल्या माणसाचा पुतळा आहे, एमोन साबुरोचा. श्रीमंत माणूस. दारात भिक्षेला आलेल्या दाइशींना हाकलून त्याने त्यांचं भिक्षापात्र फोडलं. आठ मुलं एकामागून एक गेली, तेव्हा डोळे उघडले. माफी मागायला वीस प्रदक्षिणा केल्या, भेट नाही. एकविसावी उलट दिशेने घातली आणि इथे कोसळला, तेव्हा दाइशी भेटले. त्याच्या समाधीवर रोवलेल्या काठीचा वृक्ष झाला, असं सांगतात. मी पुतळ्याकडे पाहिलं. त्याने द्यायचं नाकारलं, मी घ्यायचं. मला स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर मिळेल ते घेत गेलो: काकडी, ओला टॉवेल, एका शाळकरी पोराची च्युइंगम.

१२ तारखेला संध्याकाळी १७ देवळं संपवून तोकुशिमा शहरात आलो, आणि शहर नाचत होतं. आवा ओदोरी, १२ ते १५ ऑगस्ट. पितर घरी येतात त्या ओबोनच्या दिवसांतला नाच. खोली आधी घ्यायला हवी होती, आता सगळं भरलेलं. गाढवपणा माझाच. तीन तारांचं शामिसेन, ढोल, बासरी आणि टाळासारखी खणखणणारी काने नावाची छोटी घंटा. बायका दुमडलेल्या टोप्या घालून, हात वर, लाकडी चपलांच्या टोकावर. पुरुष गुडघ्यात वाकून. ठेका दोनाचा. उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे. कोणीतरी ओरडत होतं, "नाचणारा मूर्ख, बघणारा मूर्ख, दोघे मूर्खच, मग न नाचण्यात तोटा!"

आयत्या वेळच्या लोकांसाठी वेगळा ताफा असतो, निवाका-रेन. पोशाख लागत नाही. मीही घुसणार होतो, पण काठीचं काय? जमिनीवर ठेवायची नाही. दिंडीत विणेकरी वीणा खाली ठेवत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात देतो आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. कडेला घडीच्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. दोन्ही हातांनी काठी पुढे केली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

पावली खेळल्यासारखं चालून गेलं, हात मात्र चुकत राहिले. मागच्या माणसाने मनगट धरून दोनदा दुरुस्त केले.

परत आलो तर काठी आजींच्या मांडीवर आडवी. बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून त्या तिचं टोक पुसत होत्या, डोंगरातली वाळलेली माती नखाने काढून. मी खिशातली शेवटची चिठ्ठी दिली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि काठी आणखी थोडी पुसली.