जाड नळी, बारीक नळी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असा शाळेचा निरोप आला, तेव्हा डोळ्यांपुढे सर्वांत आधी प्रयोगशाळेचा ओटा आला आणि त्यावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन मोजपात्रे.

चाचणी परीक्षेत रासायनिक समतोलाबद्दल मी लिहिले होते, ‘समतोल आला की अभिक्रिया थांबते आणि दोन्ही बाजूंचे पदार्थ सारखे होतात.’ एका वाक्यात दोन चुका. रसायनशास्त्राच्या सरांनी त्यावर फुली मारली नाही. “उद्या मधल्या सुट्टीत एका मित्राला घेऊन प्रयोगशाळेत ये,” एवढेच म्हणाले.

एका मोजपात्रात ५० मिलिलिटर रंगीत पाणी होते, दुसरे रिकामे. माझ्या हातात जाड काचनळी, मित्राच्या हातात बारीक. नळी तळापर्यंत बुडवायची, वरचे तोंड बोटाने दाबायचे आणि आत आलेले पाणी समोरच्या पात्रात सोडायचे. मी पहिल्यातून दुसऱ्यात, मित्र दुसऱ्यातून पहिल्यात, दोघांनी एकाच वेळी. सुरुवातीला मित्राची नळी जवळजवळ कोरडीच यायची. हळूहळू माझ्या पात्रातले पाणी उतरत गेले, तसे माझ्या नळीतही कमी येऊ लागले आणि त्याच्या नळीत जास्त. चाळीसेक फेऱ्यांनंतर पातळ्या हलेनाशा झाल्या. एका पात्रात सुमारे १५ मिलिलिटर, दुसऱ्यात ३५.

“थांबलात का?” सरांनी विचारले. आमचे हात तर चालूच होते! “आणि दोन्हीकडे सारखे आहे का?” तेही नव्हते. सारखे होते ते फक्त नळ्यांमधून जाणारे पाणी; जेवढे मी नेत होतो, तेवढेच तो परत आणत होता. रासायनिक समतोलातही असेच: पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालू राहतात.

मग सरांनी सगळे पाणी दुसऱ्या पात्रात ओतून पुन्हा सुरुवात करायला लावली. शेवटी तेच १५ आणि ३५. कुठूनही निघा, मुक्काम तोच. मला आजही या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. आम्ही दोघांनी हात भराभर चालवले, तेव्हा मुक्काम लवकर आला, पण बदलला नाही. उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, नेमके हेच करतो. मात्र सरांनी मित्राची नळी बदलली आणि पातळ्या नव्या जागी जाऊन बसल्या. “तापमान बदलणे म्हणजे नळी बदलणे,” ते म्हणाले, आणि कपाटातून तपकिरी वायूची बंद नळी काढली. बर्फाच्या पाण्यात धरली की नायट्रोजन डायऑक्साइडचे रेणू जोडीजोडीने एकत्र येऊन रंगहीन वायू होतो आणि तपकिरी रंग फिका पडतो. गरम पाण्यात जोड्या सुटतात आणि रंग गडद होतो. नळी बंदच, आत काही घातले नाही, काही काढले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात सरांनी इजिप्त सांगितले. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर तिथे गेलेल्या बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला खाऱ्या तळ्यांच्या काठी सोडियम कार्बोनेटचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड यांच्यापासून मीठ आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. तळ्यात मिठाचे प्रमाण प्रचंड, म्हणून तीच अभिक्रिया उलटी चालली होती. एकोणिसाव्या शतकातल्या लोखंडाच्या झोतभट्ट्यांची गोष्टही त्याच तासाची. खनिजापासून लोखंड वेगळे करणारा कार्बन मोनॉक्साइड वायू धुरांड्यातून न वापरताच बाहेर पडतो, म्हणजे त्याला पुरेसा वेळ मिळत नसावा, असे समजून भट्ट्या ३० मीटरपर्यंत उंच बांधल्या गेल्या. वायू तेवढाच बाहेर पडत राहिला. समतोलाला उंचीचे काय! केवढा पैसा आणि केवढे कष्ट त्यात गेले असतील, या विचाराने मी तेव्हा अस्वस्थ झालो होतो. समतोलाला धक्का दिला की तो त्या बदलाला विरोध करणाऱ्या दिशेने सरकतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातेलिए यांचे १८८४ चे तत्त्व शिकलो ते या अस्वस्थतेतच, म्हणून ते पाठ करावे लागले नाही.

पुढे अमोनियाच्या कारखान्यात नोकरी लागली. नायट्रोजन आणि हायड्रोजन लोहाच्या उत्प्रेरकावरून एकदा गेले की जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपासच अमोनिया होतो. तापमान उतरवले तर समतोल अमोनियाकडे झुकतो, पण वेग मरतो. म्हणून ४००-५०० अंश सेल्सिअस पत्करायचे आणि दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दीड-दोनशे पटींपर्यंत चढवायचा. तयार झालेला अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घ्यायचा आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडायचे. कारखान्याची आकृती पहिल्यांदा समोर आली, तेव्हा मला त्या नळ्यांच्या जाळ्यात ओट्यावरचा खेळ दिसला. आता दुसऱ्या पात्रातले पाणी मित्र परत आणण्याआधीच कुणीतरी काढून नेत होते, आणि माझे पाणी त्याच दिशेने वाहत राहिले होते.

महोत्सवात विज्ञान प्रदर्शन भरणार असल्याचे कळले. त्यात ती दोन मोजपात्रे मांडावीत, ही माझी मनापासून विनंती. जाड नळी धरायला मी येतो. बारीक नळी एखाद्या विद्यार्थ्याच्या हातात द्या आणि पातळ्या स्थिर होईपर्यंत त्याला काहीही समजावून सांगू नका.