आमची वाटचाल : ऑइलचे कॅन विकता विकता कूलंटच्या टाकीत

भोसरी एमआयडीसीत २०११ ला आम्ही सुरुवात केली ती कटिंग ऑइल विकायला (धातू कापायच्या मशीनच्या टाकीत हे पाण्यात मिसळून भरतात, त्या मिश्रणालाच कूलंट म्हणतात), गाडीला २० लिटरचे कॅन लावायचे अन् गाळे पालथे घालायचे. जो तो एकच विचारायचा, लिटरला काय रेट? दुसरा कोणी चार रुपये कमी घेऊन आला की गिऱ्हाईक गेलं. आणि माल दिल्यावर महिन्या-दीड महिन्यात फोन ठरलेला, "शेठ तुमचं ऑइल वास मारतंय, जॉब (म्हणजे मशीनवर बनणारे पार्ट) गंजतायत." जाऊन बघावं तर टाकीत वर काळ्या तेलाचा थर, खाली बिडाचा (कास्ट आयर्नचा) गाळ, कोपऱ्यात चहाचे कागदी कप आणि गुटख्याची पुडी.

हे सारखं बघून बघून लक्षात आलं की लोकांना ऑइलपेक्षा टाकीकडे बघणारा माणूस पाहिजे. मग आम्ही आठवड्याच्या व्हिजिटचं काँट्रॅक्ट सुरू केलं. पहिल्या मालकांनी हसण्यावारी नेलं, "रिफ्रॅक्टोमीटर बघायचे पैसे?" म्हणजे पाण्यात ऑइल किती टक्के ते दाखवणारी छोटी नळी. तेही बरोबरच, थेंब टाकून डोळ्याला लावायचं त्यात काय एवढं. पण काचेवर ६ दिसलं म्हणजे ६ टक्के असं नसतं ना, ऑइलच्या डेटाशीटवर गुणायचा फॅक्टर दिलेला असतो, तो १.५ असला तर ते ९ टक्के झालं, म्हणजे ऑइल उगाच जास्त चाललंय.

खरा घोळ टॉपअपचा. लेव्हल खाली गेली की ऑपरेटर पाइप लावून साधं पाणी सोडतो, त्याला प्रॉडक्शनचा आकडा द्यायचाय, त्याचा काय दोष. मग कॉन्सन्ट्रेशन दोनवर येतं, जॉब लाल पडतात, मग सुपरवायझर अंदाजाने मगभर ऑइल ओततो आणि फेस येतो, पोरांच्या हाताला खाज सुटते. आम्ही टॉपअपसाठी वेगळ्या ड्रममध्ये एक-दोन टक्क्याचं पातळ मिक्स करून ठेवायला लावतो, आधी पाणी मग ऑइल, उलटं केलं की इमल्शन धरतच नाही, म्हणजे तेल-पाणी एकजीव होत नाही. आणि पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर आधी हार्डनेस बघा, कारण पाणी उडून जातं पण क्षार टाकीतच साठत जातात, त्यामुळे शक्य असेल तिथं आरओचं वापरा.

वासाचं म्हणाल तर आमच्याकडे तो शुक्रवारी सकाळी येतो, कारण भोसरीला सुट्टी गुरुवारी. स्लाइडवेचं (मशीनच्या सरकत्या भागांचं) अन् हायड्रॉलिकचं गळालेलं तेल वर तरंगतं, मशीन बंद असली की खाली हवा पोचत नाही, मग बिनहवेचे बॅक्टेरिया वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. कूलंटचा पीएच ९ च्या आसपास पाहिजे, ८.५ च्या खाली गेला की समजायचं काम बिघडतंय. बेल्ट स्किमर (वरचं तेल पट्ट्याने ओढून काढणारं यंत्र) लावला तर निम्मं दुखणं तिथंच जातं. दिवाळीच्या मोठ्या सुट्टीत आम्ही टाकीत चक्क फिशटँकचा एअर पंप सोडून ठेवतो, लोक हसतात पण चालतं.

२०२० च्या लॉकडाऊननंतर शॉप उघडले तेव्हा जे वास होते ते विचारू नका. तेव्हाच आमचा धंदा खरा वाढला. जुन्या कूलंटमध्येच क्लीनर टाकून एक शिफ्ट मशीन चालवायची, मग टाकी रिकामी करून चिप कन्व्हेयरच्या (धातूचा कीस बाहेर नेणाऱ्या पट्ट्याच्या) तळापर्यंत हाताने गाळ काढायचा, पाण्याने फिरवायचं, मग नवीन भरती. हे न करता नुसतं उपसून नवीन ओतलं तर तळातल्या चार लिटर घाणीने नवीनही नासतं.

काढलेलं कूलंट कुठं जातं यावरून काही गिऱ्हाइकं तुटली. "पावसाळ्यात नाल्यात सोडा, कोण बघतंय," असं सरळ सांगणारे भेटले. ते हजार्डस वेस्ट आहे, २०१६ चे नियम आहेत, प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याचा कागद) करून पाठवावं लागतं, आणि नियम सोडा, नाल्यातलं पाणी शेवटी पवना-इंद्रायणीलाच मिळतं. विल्हेवाटीचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा दिसतो म्हणून कुरकुर होते. होऊ दे.

सध्या चाकणच्या बाजूला काम वाढलंय, तिकडे कायमचा एक जण हवाय. डिप्लोमा झालेला असला तर उत्तम, टू-व्हीलर पाहिजे, आणि नाक जरा कमी चालत असेल तर आधी प्राधान्य.