तुम्ही विचारलंत म्हणून: जबड्यातली गाठ परत येईल का, हे तपासणीवरून कळते का?

बायोप्सीच्या अहवालात कर्करोग नसल्याचे वाचून जीव भांड्यात पडला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मॅडम, ही गाठ परत येईल का? ती केआय-६७ नावाची तपासणी करून सांगता येणार नाही का?’ जबड्यातून काढलेल्या गाठींचे सूक्ष्मदर्शकाखाली निदान करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत वारंवार येतो. गाठीतल्या किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत, एवढेच ती तपासणी सांगते. गाठ परत येण्याची कारणे त्यापेक्षा बरीच जास्त आहेत.

हा प्रश्न बहुतेकदा ओडोन्टोजेनिक केराटोसिस्टबद्दल असतो. सिस्ट म्हणजे आतून पेशींचे अस्तर असलेली पोकळ, पिशवीसारखी गाठ. दात घडवणाऱ्या पेशींचे काही अवशेष जबड्यात आयुष्यभर पडून असतात आणि अशा गाठी त्यांतून उद्भवतात. किडून मेलेल्या दाताच्या मुळाशी होणारी रॅडिक्युलर सिस्ट सूज आणि आतल्या द्रवाचा दाब यांमुळे वाढते, तर डेंटिजेरस सिस्ट हाडात अडकलेल्या दाताच्या डोक्याभोवती तयार होते. या दोन्ही नीट काढल्या तर सहसा परत येत नाहीत. केराटोसिस्टची चाल वेगळी आहे. ती हाड बाहेर फुगवण्याऐवजी त्याच्या आतल्या पोकळ भागातून लांबीच्या दिशेने पसरते, त्यामुळे चेहऱ्यावर काहीच दिसत नाही आणि अक्कलदाढेसाठी काढलेल्या ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) अचानक अर्ध्या जबड्याएवढी काळी पोकळी दिसते.

या गाठीचे अस्तर जेमतेम सहा ते आठ पेशींच्या जाडीचे असते. गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या ब्लॉकमधून तीन-चार मायक्रॉनचा काप घेऊन तो सिट्रेटच्या द्रावणात तापवला जातो, त्यावर केआय-६७ या प्रथिनाला चिकटणारे प्रतिद्रव्य सोडले जाते, आणि जिथे ते प्रथिन आहे त्या पेशींची केंद्रके तपकिरी होतात, बाकीची निळी राहतात. सोबत टॉन्सिलचा एक काप लावलेला असतो. त्यात जिथे पेशी झपाट्याने वाढतात ती केंद्रे तपकिरी झाली नसतील, तर ती स्लाइड मी वाचतच नाही. रॅडिक्युलर सिस्टमध्ये तपकिरी ठिपके तुरळक आणि बहुधा सर्वांत खालच्या, म्हणजे बेसल थरात दिसतात. केराटोसिस्टमध्ये मात्र कुंपणासारखी ओळीने उभी असलेली बेसल रांग बरीचशी निळी राहते आणि तिच्या लगेच वरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत तपकिरी केंद्रके दाटीने दिसतात. ठिपके कुठे आहेत, याला मी तपकिरी पेशींच्या टक्केवारीपेक्षा जास्त किंमत देते.

टक्केवारीचा भरवसा कमी का, त्याची कारणे साधी आहेत. कोणी हजार पेशी मोजतो, कोणी अस्तराच्या दर मिलिमीटरमागे मोजतो. शिवाय गाठीत जंतुसंसर्ग झाला असेल तर त्या जागचे अस्तर आपले नेहमीचे रूप सोडते आणि ठिपक्यांची संख्याही वाढू शकते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अमेलोब्लास्टोमा शिकवतो. हा जबड्यातला खरा अर्बुद, म्हणजे ट्यूमर आहे, हाडाच्या जाळीत शिरत जातो आणि नुसता खरवडून काढला तर मोठ्या प्रमाणात परत येतो, म्हणूनच सर्जन बाजूचे एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात. तरीही त्यातले केआय-६७ अनेकदा कमीच भरते. पेशी किती वेगाने वाढतात आणि त्या कुठवर शिरतात, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

केराटोसिस्ट परत येते, ती मुख्यतः मागे राहिलेल्या अस्तरामुळे. ते इतके पातळ असते आणि खालच्या पेशीजालापासून इतक्या सहज सुटते, की काढताना त्याचे तुकडे होतात. भिंतीत छोट्या उपगाठीही असतात. नुसती सोलून काढलेल्या गाठींपैकी साधारण चारांत एक परत येते असे आढळते, आणि सर्जनने पोकळीच्या कडा घासल्या किंवा उरलेल्या पेशी मारणारे कार्नॉय द्रावण लावले तर हे प्रमाण बरेच घटते. सर्जनच्या हातांतला हा फरक माझ्या स्लाइडवर दिसणार कसा?

त्यात जनुकांचाही भाग आहे. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे पीटीसीएच१ हे जनुक यांतल्या अनेक गाठींत बिघडलेले असते, आणि गॉर्लिन सिंड्रोम या आनुवंशिक आजारात तो बिघाड जन्मजात असल्याने एकामागून एक नव्या गाठी होत राहतात. तरुण रुग्णाच्या जबड्यात दोन-तीन गाठी दिसल्या, की मी तळहातावरचे बारीक खड्डे पाहायला आणि छातीच्या एक्स-रेत दुभंगलेली बरगडी शोधायला सांगते. या जनुकाच्या शोधाचाही आधार घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या गाठीला अर्बुदांत बसवले होते. २०१७ मध्ये तिला पुन्हा सिस्ट म्हटले गेले. अहवालावरचे नाव बदलल्याने घाबरलेले रुग्ण मी पाहिले आहेत. गाठ तीच होती.

पी५३ हे पेशींच्या वाढीवर लक्ष ठेवणारे प्रथिन; अहवालात ते ‘पॉझिटिव्ह’ असल्याचे वाचूनही लोक हादरतात. या सिस्टमध्ये ते प्रथिन बरेचदा जनुकात दोष नसतानाही साचलेले दिसते, तेव्हा त्यावरून कर्करोगाचा निष्कर्ष काढू नये. उपचार खरोखर बदलू शकणारा मार्कर, म्हणजे तपासणीत सापडणारी खूण, अमेलोब्लास्टोमात आहे: २०१४ साली त्यात बीआरएएफ या जनुकातला व्ही६००ई हा बदल सापडला, तो खालच्या जबड्यात विशेष आढळतो, आणि शस्त्रक्रिया अवघड असलेल्या निवडक रुग्णांत त्यावरची औषधे वापरली गेली आहेत.

केराटोसिस्ट असेल तर टक्केवारीपेक्षा ठरल्या वेळी ओपीजी काढणे अधिक उपयोगाचे आहे. परत येणाऱ्या बहुतेक गाठी पहिल्या पाच वर्षांत दिसतात, पण दहा वर्षांनंतर आलेल्याही नोंदलेल्या आहेत. त्यामुळे पाच वर्षे झाली म्हणून तपासणी थांबवू नये. जुन्या बायोप्सीचा ब्लॉक प्रयोगशाळेकडे मागून घेऊन उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवा, कारण गाठ परत आली तर मला दोन्ही काप शेजारी ठेवून पाहायचे असतात.